नांगरट एका दिवसाची, खुरपणी वर्षाची

(पडीक जमीन मोडण्यासाठी अवजार कसं निवडावं, या विषयावर आपल्या संघाच्या मासिक सभेत कृषी सखीने केलेलं भाषण. सभेला न आलेल्या सदस्यांसाठी पूर्ण मजकूर देत आहोत.)



या महिन्यात संघाकडे कर्जाचे जे अर्ज आले, त्यातल्या तीन गटांना रोटाव्हेटर घ्यायचा आहे. तिन्ही अर्जांत कारण जवळपास एकच आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेली, गवताने भरलेली जागा मोकळी करायची आणि तिथे भाजीपाला करायचा. कोणाची घरामागची परसबाग आहे, कोणाला गावातल्याच कोणाची वीस गुंठे पडीक जमीन कसायला मिळते आहे. विचार चांगला आहे. अर्जांचा निर्णय कार्यकारिणी घेईल. त्याआधी पड मोडायला कोणतं अवजार लागतं ते सगळ्यांसमोर सांग, असं अध्यक्षताई म्हणाल्या, म्हणून उभी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. ट्रॅक्टर कोणाचा बोलवायचा, त्याच्या मागे काय जोडायचं, हे आपल्या घरात बहुतेक वेळा पुरुष मंडळी ठरवतात. त्यांचं काम त्या दिवशी संपतं. पुढे वर्षभर त्या रानात खुरपं घेऊन आपण बसतो. म्हणून भाडं किती आणि रान किती लवकर भुसभुशीत दिसतं, एवढं बघून भागत नाही. या अवजारामुळे माझी खुरपणी वाढणार की कमी होणार, हे विचारायचं. हे आपणच विचारायला पाहिजे, कारण खुरपणीचे दिवस कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत.

आधी तण ओळखा

पडीक जागेत तीन प्रकारची झाडोरी असते. पहिली बियांवर वाढणारी: गाजर गवत, तरोटा, माठ. ही उपटली की संपतात, फक्त फुलावर यायच्या आत उपटायची. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं. त्याला हात लावताना हातमोजे घाला, नाहीतर अंगाला खाज आणि पुरळ उठतं.

दुसरी झुडपं: घाणेरी, वेडी बाभूळ, रुई. ही वरून कोयत्याने तोडली तरी बुडातून पुन्हा फुटतात. त्यांचं खोड टिकावाने मुळासकट काढावं लागतं. खोडं फारच जाड असतील तर तेवढ्यापुरतं जेसीबी बोलवा. ट्रॅक्टरमागच्या कुठल्याही अवजारावर हे काम टाकू नका.

तिसरी सगळ्यात चिवट, जमिनीखालून पसरणारी: हरळी, लव्हाळा, कुंदा. अवजाराची निवड ठरते ती यांच्यावर.

उसाचं बेणं आपण कसं तयार करतो? कांडं तोडून, प्रत्येक टिपरीला डोळा ठेवून. हरळीच्या काशेलाही तशीच पेरं असतात आणि पेरापेराला फुटवा येतो. रोटाव्हेटरची पाती त्या काशांचे बारीक तुकडे करतात आणि ते सगळ्या रानात सारखे मिसळतात. त्यात ओलावा मिळाला की झालंच. म्हणजे आपण पैसे देऊन हरळीचं बेणं लावून घेतो. लव्हाळ्याचं आणखी वेगळं आहे. जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते. माळ अखंड असते तोवर खालच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. माळ तुटली की त्या सुट्या गाठीसुद्धा फुटायला लागतात.

रोटाव्हेटर मारल्यावर पहिले पंधरा दिवस रान चहाच्या पुडीसारखं दिसतं. बघणारा म्हणतो, काय झकास रान झालंय! महिन्याने त्याच रानात हिरवी चादर पसरलेली असते, आणि तेव्हा बघायला आपण एकट्याच असतो.

कोणतं अवजार काय करतं

आता एकेक अवजार घेऊ.

पलटी नांगर. हा माती कापतो आणि उलटी करतो, नऊ ते बारा इंचांपर्यंत खोल जातो. काशा आणि गाठी खालून वर येतात, उन्हात पडतात. दोन फाळांच्या नांगराला साधारण चाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर लागतो. एकराला दोन ते अडीच तास लागतात. हरळी-लव्हाळ्याच्या रानात पड मोडायची तर सुरुवात याच्यानेच.

तव्यांचा नांगर. याचे तवे फिरते असल्यामुळे दगड किंवा मूळ आलं की ते त्याच्यावरून घसरून पुढे जातात. माळरानाची, मुरमाड, दगडगोट्यांची, जुनी मुळं असलेली जागा असेल तर पलटी नांगरापेक्षा हा बरा.

मोगडा, म्हणजे कल्टिव्हेटर. स्प्रिंगचे नऊ फण असलेला आपल्याकडे सगळीकडे मिळतो. हा माती उलटत नाही, ओरबाडतो. नांगरलेल्या रानात उभा-आडवा फिरवला की सुट्या झालेल्या काशा दातांना अडकून वर येतात. नुसत्या कडक पडीत थेट मोगडा घातला तर तो वरवर खरवडतो, त्याने पड मोडत नाही.

कुळव, विदर्भात ज्याला वखर म्हणतात. बैलाचा असो की ट्रॅक्टरचा, पावसानंतर उगवलेलं कोवळं तण मुळातून कापायला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

रोटाव्हेटर. हा चार ते सहा इंच माती बारीक करतो. वाफे पाडायला, बी टाकायला, धसकटं मातीत मिसळायला चांगला. माझा त्याच्यावर राग नाही. पण तो शेवटचं अवजार आहे, आपण त्याला पहिलं करतो. दगडाच्या जागेत त्याची पाती वाकतात, तुटतात. आणि दर हंगामात फक्त तोच मारत राहिलं तर त्याच्या खोलीच्या खाली मातीचा घट्ट थर तयार होतो. पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत.

राहिले पॉवर टिलर आणि पॉवर वीडर. यांच्या मागे माणूस चालतो. एक-दोन गुंठ्यांच्या परसबागेत ट्रॅक्टर वळतच नाही, तिथे हेच. कोकणातल्या अरुंद खाचरांतही टिलर चालतो. पण वीडरची पातीसुद्धा फिरतीच असतात, म्हणून हरळीचा जो नियम रोटाव्हेटरला तोच त्याला. दोन गुंठ्यांत हरळी असेल तर टिकाव-फावड्याने खणून काशा वेचणं हाच खरा इलाज. गटातल्या दहा जणींनी मिळून लागलं तर दोन-तीन दिवसांत होतं.

लोखंडी नांगर नवा होता तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपले पहिले नांगर खपवायला फार खटपट करावी लागली. आज उलटं झालंय, नवं यंत्र आलं की ते सगळ्या रोगांवर औषध. दोन्ही वेळा जमीन काय मागते हे बघायचं राहून जातं.

जमिनीची परीक्षा

ट्रॅक्टर बोलवायच्या आधी जागेत चार ठिकाणी हातभर खोल खड्डा घ्या. चार गोष्टी बघा. दगड किती? काशा आणि गाठी किती खोल गेल्यात? माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो? मध्ये कुठे टिकाव ठणकतो असा कडक थर आहे का? मुरूम सहा इंचांवर असेल तर खोल नांगरून मुरूम वर आणू नका.

परसबागेत आणखी एक बघायचं. घरामागच्या जागेत वर्षानुवर्षांचा कचरा पुरलेला असतो: जुन्या साड्या, प्लॅस्टिक, बांधायची तार, बाटल्या, ठिबकच्या नळ्या. चिंधी आणि तार यंत्राला गुंडाळली जाते, काच पायाला लागते. आधी वरचं गवत कापून जागा उघडी करा. काठी आपटत, पायात बूट घालून शिरा, गवतात साप-विंचू असतात. पेटवून देऊ नका. वरचं जळतं, खालची काशा जिवंतच राहते, आणि शेजारच्याचा बांध पेटला तर वेगळंच प्रकरण होतं. पाण्याची पाइपलाइन किंवा वायर कुठून गेली आहे ते घरातल्या जुन्या माणसांना विचारून खुणेच्या काठ्या रोवा.

वाफसा कसा ओळखायचा ते तुम्हाला माहीतच आहे. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर थांबा. ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली माती दबून विटेसारखी होते.

कामाचा क्रम

रब्बी निघायच्या सुमारास, थोडी ओल असतानाच नांगरट करून घ्या. मे महिन्यापर्यंत थांबलात तर काळी जमीन इतकी आवळते की नांगर उडतो. उताराची जागा असेल तर नांगरट उताराला आडवी. ढेकळं तशीच मोठी पडू द्या, फोडायची घाई करू नका. तीन-चार आठवडे कडक ऊन खाऊ द्या. काशा आणि गाठी वाळून मरतात त्या याच दिवसांत, फुकटात.

मग मोगडा, एकदा उभा, एकदा आडवा. प्रत्येक पाळीनंतर काशा वेचायच्या. त्या बांधावर टाकू नका, तिथून पुन्हा रानात येतात. जागेबाहेर ढीग करून पूर्ण वाळवा. कंपोस्टमध्ये ओल्या काशा घालायच्या नाहीत.

पहिला चांगला पाऊस झाला की लगेच लावणीची घाई नको. दहा-बारा दिवस तण उगवू द्या आणि वाफशावर कुळवाची पाळी द्या. पुन्हा उगवलं तर पुन्हा एक पाळी. त्यानंतर वाफे करायला हवा असेल तर रोटाव्हेटरचा एक हात, तोसुद्धा उथळ, आणि काशा खरोखर संपल्या असतील तरच.

पहिल्या पावसाळ्यात सगळ्या जागेत मिरची-टोमॅटो लावायचा मोह आवरा. अर्ध्या जागेत ताग किंवा चवळी दाट पेरा. हरळीला आणि लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ताग फुलावर येताच, साधारण दीड महिन्याने, जमिनीत गाडला की खतही होतं.

ट्रॅक्टरवाल्या दादांशी काय बोलायचं

भाड्याने बोलवताना चार प्रश्न विचारा. मागे नेमकं काय जोडणार? किती खोल जाणार? दर तासावर की एकरावर? आधीचं काम कुठल्या रानात झालं?

दर एकरावर असेल तर चालवणाऱ्याला घाई असते, नांगर वर उचलून पळवला जातो. एका काठीवर नऊ इंचांची खूण करा आणि पहिल्या दोन तासांतच सरीत काठी लावून बघा. कमी भरलं तर तिथेच सांगा, “दादा, अजून खाली घ्या.” काम संपल्यावर भांडण्यात अर्थ नसतो. आणि अवजार आपल्या जागेत शिरायच्या आधी झाडून घ्यायला लावा. शेजारच्या रानातली हरळी मोगड्याच्या दाताला अडकून आपल्याकडे येते.

मगाशी एका ताईंनी विचारलं, नांगर, मग मोगडा, मग कुळव, एवढा खर्च कोण करणार? रोटाव्हेटरच्या एका हातात काम होतं की! हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरते, तुम्ही आपल्या गावचे घाला. एक एकर भाजीपाला. साध्या तणाच्या रानात एका खुरपणीला पंधरा बाया, हंगामात तीन खुरपण्या, म्हणजे ४५ दिवस. हरळीच्या रानात वीस बाया आणि चार खुरपण्या धरल्या तर ८० दिवस. फरक ३५ दिवसांचा. मजुरी ३०० धरली तर १०,५०० रुपये. नांगर आणि मोगड्याचा जादा खर्च समजा ३,००० रुपये. आता ताई, स्वस्त काय पडलं? घरच्याच बाया खुरपतात म्हणून ते १०,५०० दिसत नाहीत, पण पाठ तर आपलीच मोडते.

विकत घ्यायचं की भाड्याने?

रोटाव्हेटर एकटा चालत नाही. त्याला ट्रॅक्टर लागतो, आणि त्याच्या ताकदीला साजेशी रुंदी लागते. मिनी ट्रॅक्टरला तीन-साडेतीन फुटी, मोठ्याला पाच फुटी किंवा जास्त. अर्जात फक्त रोटाव्हेटर लिहिला आहे, ट्रॅक्टर कोणाचा ते लिहिलेलं नाही. जोडायला दुसऱ्याचा ट्रॅक्टर लागणार असेल तर भाडंही तोच ठरवणार आणि वेळही तोच ठरवणार.

समजा यंत्र १,२०,००० रुपयांना पडलं आणि व्याज वर्षाला १२ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज १४,४०० च्या आसपास. ट्रॅक्टरवाल्याचा वाटा, डिझेल, दुरुस्ती वजा जाऊन गटाला एकरी ४०० रुपये सुटले, तर नुसत्या व्याजासाठी ३६ एकर काम मिळालं पाहिजे. मुद्दल वेगळंच. आपल्या गावात आधीच किती रोटाव्हेटर आहेत ते मोजा. नांगर आणि मोगडा फार कमी जणांकडे आहेत असं दिसलं, तर गटाने त्याचा विचार का करू नये?

अनुदानाबद्दल. केंद्र सरकारचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. त्यात महिला, अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना बऱ्याच अवजारांवर ५० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, प्रत्येक अवजाराला कमाल रक्कम ठरलेली असते. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नका, नाहीतर अनुदान जातं. पैसे आधी आपण भरायचे आणि अनुदान मागून खात्यावर येतं, म्हणून मधल्या महिन्यांचं व्याजही हिशेबात धरा. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे तिथे विचारलं जातं. ज्या ताईंचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांनी हा विषय घरात काढायला हे एक चांगलं निमित्त आहे. गटाला अवजार बँक काढायची असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, ते गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या.

कागद आणि जीव

दुसऱ्याची पडीक जमीन कसायला घेणाऱ्या गटांना एक कळकळीची विनंती. पहिलं वर्ष जमीन साफ करण्यात जातं, उत्पन्न खरं दुसऱ्या वर्षापासून. तोंडी बोलीवर जागा घेतली आणि ती स्वच्छ झाल्यावर मालकाने परत मागितली, असं होतं. नांगर लावायच्या आधी निदान तीन वर्षांचा लेखी करार करा आणि तो गटाच्या नावाने करा.

आणि जिवाची काळजी. ट्रॅक्टरपासून रोटाव्हेटरला फिरवणारा जो दांडा असतो, पीटीओ शाफ्ट, तो मिनिटाला ५४० फेरे फिरतो. पदर, ओढणी किंवा वेणी त्यात सापडली तर सोडवायला क्षणही मिळत नाही. त्याच्यावर झाकण नसेल तर ते यंत्र रानात घेऊ नका. कामाच्या वेळी पदर खोचा, केस बांधा, मागे चालत काशा वेचू नका. वेचणी यंत्र बाहेर गेल्यावर. पात्यांना गवत गुंडाळलं तर इंजिन बंद, चावी हातात, मगच काढायचं. वजनासाठी अवजारावर कोणी बसायचं नाही, पोरांना मडगार्डवर बसवून फिरवायचं नाही. पोरं हट्ट करतात, तरी नाही.

तीन अर्ज करणाऱ्या गटांनी पुढच्या सभेला चार गोष्टी लिहून आणाव्यात, असं मी कार्यकारिणीला सुचवते. जागेत कोणतं तण आहे आणि खड्ड्यात काय दिसलं. यंत्राला ट्रॅक्टर कोणाचा. वर्षाला किती एकर काम मिळेल. जमीन दुसऱ्याची असेल तर कराराची प्रत. एवढं समोर आलं की कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणं सोपं जाईल, आणि गटालाही आपण काय घेतोय ते नीट कळेल. खड्डे घ्यायला ज्यांना मदत हवी असेल त्यांनी सांगा, मी टिकाव घेऊन येते.